पट्ट्यांचा मफलर आणि वसईची हवा

वसईसारख्या समुद्रकाठच्या गावात लोकरीच्या मफलरची गरज वर्षातून फार थोडे दिवस पडते. तरीही क्रोशाची सुई आणि लोकरीचे गुंडे घराघरांत सापडतात. मफलर विणला जातो तो बहुधा नाशिकच्या किंवा परदेशातल्या नातवंडासाठी. विणणाऱ्यापुढे सुरुवातीलाच एक प्रश्न असतो : हाताशी असलेली लोकर पुरेल का? संपली, तर नेमकी तीच छटा दुकानात पुन्हा मिळेलच असे नाही. हा प्रश्न घरगुती असला तरी त्याचे उत्तर शोधताना मोजमापाचे आणि रसायनशास्त्राचे बरेच शिकता येते.

आधी विणकामाविषयी थोडेसे. ‘क्रोशे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ छोटा आकडा. दोन सुयांच्या विणकामात संपूर्ण ओळीचे टाके सुईवर असतात. क्रोशात मात्र ओळीच्या शेवटी एकच फास उघडा राहतो. त्यामुळे काम केव्हाही खाली ठेवता येते, उसवता येते आणि तोलताही येते.

आपण पातळ लोकरीचा, २० सेंटिमीटर रुंद मफलर घेऊ. तेवढ्या लांबीची साखळी घालून तिच्यावर खांबांच्या ओळी विणायच्या. खांब घालताना सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेतात, आकडा खालच्या टाक्यात घालून दोरा वर ओढतात आणि सुईवर झालेले तीन फास दोन-दोन करून दोन वेळा सोडवतात. रंग बदलायचा असेल तेव्हा ओळीतल्या अखेरच्या खांबाचे शेवटचे दोन फास नव्या रंगाने सोडवावेत, म्हणजे पट्ट्याची कड स्वच्छ येते.

पट्टा किती ओळींचा करावा? दोन रंग असतील तर ओळींची संख्या सम ठेवावी. प्रत्येक ओळीनंतर काम उलटते. सम ओळींनंतर दोरा निघाल्या कडेलाच परत येतो आणि न तोडता पुढच्या पट्ट्यासाठी वर नेता येतो. एकेका ओळीचेच पट्टे हवे असतील तर दोन रंगांनी ते जमत नाही, पण तीन रंगांनी जमते. असे का, हे विद्यार्थ्यांना कागदावर बाण काढून शोधू द्यावे.

आता तोलण्याकडे वळू. समजा, फेब्रुवारीतल्या एका कोरड्या दुपारी लाल आणि पांढरा असे दोन गुंडे प्रत्येकी ५० ग्रॅम भरले. चार ओळींचा एक लाल पट्टा विणून गुंडा पुन्हा तोलला. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा २ ग्रॅम घट दाखवील किंवा ३ ग्रॅम. पहिल्या आकड्यावरून एका गुंड्यात २५ पट्टे होतील, दुसऱ्यावरून १६. असा अंदाज निरुपयोगी होय. त्याऐवजी प्रत्येक रंगाचे पाच पट्टे विणून मग तोलावे. प्रत्येक गुंडा ३६ ग्रॅम उरला, तर पाच पट्ट्यांना १४ ग्रॅम, म्हणजे एकाला २.८ ग्रॅम लागले. ५० ला २.८ ने भागले की १७ पूर्ण पट्टे मिळतात. काटा तोच आहे. चूक मात्र पाच पट्ट्यांत वाटली गेली.

येथवर हिशेब सोपा आहे. पण काम अर्धवट राहिले आणि जुलैत पुन्हा हाती घेतले तर? उरलेला ३६ ग्रॅमचा गुंडा आता सुमारे ४० ग्रॅम भरेल. २.८ ने भागले तर १२ ऐवजी १४ पट्ट्यांची आशा वाटेल. हे दोन जादा पट्टे लोकरीचे नव्हेत, पाण्याचे आहेत.

लोकर हवेतली वाफ शोषून घेते. ती केराटिन या प्रथिनाची बनलेली असते आणि या प्रथिनातील अनेक अणुगट पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना १०० ग्रॅम कोरड्या लोकरीत सुमारे १६ ग्रॅम पाणी असते. आर्द्रता ४० टक्क्यांवर आली की ते १० ग्रॅमच्या आसपास उतरते. पावसाळ्यात वसईची आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर जाते, तेव्हा ते २२ ग्रॅमच्या आसपास पोचते. आपले केसही केराटिनचेच. दमट हवेत केस किंचित लांबतात, हे वापरून सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने १७८३ साली केसाचा आर्द्रतामापक केला होता.

वसईकरांना मिठागरे परिचित आहेत. आर्द्रता ७५ टक्क्यांपलीकडे गेली की मीठ पाझरू लागते, हे आपल्याला दिसते. लोकरीत मात्र पाणी तंतूच्या आत राहते. कोरड्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. पावसात घोंगडी पांघरणाऱ्या धनगराला या गुणाचा उपयोग होतो. लोकर तोलून विकत घेणाऱ्याला मात्र त्याचा फटका बसू शकतो, कारण लोकरीच्या भावाने तो पाणी विकत घेतो. म्हणूनच इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड या लोकरीच्या बाजारपेठेत लोकरीतला ओलावा तपासून खरे वजन ठरवणारी स्वतंत्र संस्था होती. तिची १९०२ साली बांधलेली इमारत प्रसिद्ध आहे.

मग आपल्या विणणाऱ्या बाईंनी काय करावे? एकाच दिवशी, एकाच खोलीत ठेवलेला विणलेला भाग आणि उरलेले गुंडे, दोन्ही तोलावेत. फेब्रुवारीत दहा पट्ट्यांचे वजन २८ ग्रॅम आणि दोन्ही गुंड्यांचे मिळून ७२ ग्रॅम होते. जुलैत हेच आकडे ३१ आणि ८० होतील. भागाकार दोन्ही वेळा सुमारे २.६ येतो, म्हणजे आणखी पंचवीसेक पट्टे होतील. विणलेली आणि न विणलेली लोकर सारख्याच प्रमाणात पाणी घेते, म्हणून वजने बदलली तरी त्यांचे गुणोत्तर बदलत नाही. टोके लपवण्यासाठी आणि काठासाठी एक-दोन पट्ट्यांची लोकर राखून ठेवावी.

हाच गुण आणखी एका कामी येतो. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारे पुष्कळसे गुंडे ॲक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे असतात. ॲक्रिलिक आपल्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त पाणी सहसा घेत नाही. तेव्हा पावसाळ्यात पुढील प्रयोग वर्गात करावा. ५० ग्रॅमचा गुंडा तोलून, निदान १०० ग्रॅम कोरड्या सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस ठेवावा आणि बाहेर काढताच तोलावा. गुंडा लोकरीचा असेल तर चार-पाच ग्रॅम तरी घट दिसेल. ॲक्रिलिकचा असेल तर घट एक ग्रॅमच्या आसपासच राहील. मिश्र धाग्याचे उत्तर या दोहोंच्या मध्ये येईल. नंतर तोच गुंडा उघड्यावर ठेवून दर तासाला तोलावा आणि वजनाचा आलेख काढावा.

कोकणातल्या आणि घाटावरच्या दोन शाळांनी ठरवून एकाच लोकरीचे गुंडे एकाच आठवड्यात तोलले, तर दोन्ही गावांच्या हवेतला फरक विद्यार्थ्यांना साध्या वजनकाट्यावर वाचता येईल.