अँटवर्पमधील एक दिवस

परके शहर पाहावयाचे, तर व्यापाऱ्याने प्रथम त्याची पेठ पाहावी, असे आमचे मत आहे. बेल्जममधील अँटवर्प येथे आम्हांस एकट्याने हिंडावयास एक दिवस लाभला, तो आम्ही याच हेतूने वेचला.

सकाळी १९०५ सालच्या भव्य रेल्वे स्थानकातून बाहेर पडताच हिऱ्यांची पेठ लागली. तेथे गुजराती बोल कानी आले. पालनपूरकडील जैन बंधूंनी तेथे चांगलाच जम बसविला आहे. पुढे आम्ही पायीच ‘बोर्स’ या जुन्या सौदागृहाकडे गेलो. मूळ वास्तू १५३१ सालची. ती १८५८ मध्ये जळाली व १८७२ मध्ये नव्याने उभी राहिली. ‘कोणत्याही राष्ट्राच्या व भाषेच्या व्यापाऱ्यांसाठी’ अशा आशयाचा लेख मूळ वास्तूवर होता. पोर्तुगीजांची मिरी आणि इंग्रजांचे कापड यांचे व्यवहार याच नगरीत होत.

दुपारी १२३ मीटर उंच मनोऱ्याचे प्रार्थनामंदिर पाहून सायंकाळी शेल्ट नदीकाठी गेलो. १५८५ मध्ये स्पेनच्या सैन्याने शहर घेतले आणि डचांनी नदीची वाट रोखली. शहराची वस्ती चार वर्षांत बेचाळीस हजारांवर आली. अनेक व्यापारी ॲम्स्टरडॅमला गेले. त्यांच्यामागोमाग भरभराटही गेली. दोनशे वर्षांनी वाट मोकळी झाली, तेव्हा शहराने पुन्हा डोके वर काढले. आज रॉटरडॅमखालोखाल युरोपातील मोठे बंदर हेच.

वखारी, मनोरे व सौदागृह जागच्या जागी असूनही पेठ ओस पडू शकते. आल्या व्यापाऱ्यास आदर आणि मालास मोकळी वाट, हेच पेठेचे खरे भांडवल होय.