टीडीएस मीटर गिझरबद्दल काय सांगत नाही

नळाखाली टीडीएस मीटर धरला, ६०० आकडा आला आणि कोणीतरी लगेच म्हणालं, "पाणी फार जड आहे, गिझरची वाट लागणार." असं तुम्हीही ऐकलं असेल. यातला आकडा बरोबर असू शकतो, निष्कर्षही बरोबर असू शकतो. पण या आकड्यावरून हा निष्कर्ष निघत नाही. संशोधनाची तयारी करताना हा फरक नीट कळायला हवा, म्हणून आज तो घरच्या पाण्यावरच समजून घेऊ.

शाळेत आपण दुष्फेन पाणी शिकलो. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात, त्यामुळे फेस येत नाही. टीडीएस मीटर मात्र कॅल्शियम ओळखतच नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, तिला साधारण ०.५ ते ०.७ अशा ठरलेल्या गुणकाने गुणतो आणि उत्तर दाखवतो. आयन कॅल्शियमचे आहेत की सोडियमचे, हे त्याला कळत नाही.

याचा पुरावा सॉफ्टनरमध्ये मिळतो. सॉफ्टनरमधलं रेझिन कॅल्शियमचा एक आयन धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियमचे दोन आयन सोडतं. वजनाने पाहिलं तर ४० मिलिग्रॅम कॅल्शियम जातं आणि ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं. म्हणजे जडपणा जवळजवळ शून्यावर आला तरी टीडीएस तेवढाच राहतो, किंचित वाढतोही. मीटरवर भरवसा ठेवला तर उत्तम चालणारा सॉफ्टनर तुम्ही बिघडलेला ठरवाल. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकातही या दोन वेगळ्या नोंदी आहेत: टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आणि एकूण कठीणपणाची २०० मिलिग्रॅम प्रति लिटर.

आता गिझरकडे येऊ. इथे एकूण जडपणासुद्धा पुरेसा नाही. कॉइलवर पांढरा थर बसवतो तो मुख्यतः तात्पुरता जडपणा, म्हणजे बायकार्बोनेटमुळे येणारा. पाणी तापलं की कॅल्शियम बायकार्बोनेटचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्बोनेट सर्वांत गरम पृष्ठभागावर बसतं. क्लोराइड-सल्फेटमुळे आलेला कायमचा जडपणा गिझरच्या तापमानाला सहसा असा थर देत नाही.

थर बसला की वीजबिल वाढतं, असं सर्रास म्हटलं जातं. जरा थांबून विचार करा. इलेक्ट्रिक गिझरची कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. थर उष्णतेचा वाईट वाहक असल्याने कॉइल आतून जास्त तापते आणि लवकर जळते. म्हणजे इथे मुख्य नुकसान कॉइलचं. गॅस गिझरचं तसं नाही. तिथे ज्योत बाहेर असते, थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही आणि गरम वायूबरोबर निघून जाते. तिथे इंधन खरंच वाया जातं. थर तोच, पण परिणाम वेगळा.

किती थर बसेल? समजा तात्पुरता जडपणा ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि रोज ६० लिटर पाणी तापतं. सगळं कार्बोनेट खाली बसलं तर दिवसाला १८ ग्रॅम, वर्षाला साडेसहा किलो! पण ही झाली वरची मर्यादा. गिझरमध्ये पाणी उकळत नाही, फार वेळ थांबतही नाही, त्यामुळे प्रत्यक्षात याहून खूपच कमी बसतं. असं गणित उत्तर म्हणून मांडू नका, मर्यादा म्हणून मांडा.

मोजायचं कसं? कॉलेजच्या प्रयोगशाळेत ईडीटीए टायट्रेशन होतं. ५० मिली पाणी, पीएच १० चं बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी. रंग वाइन-लाल जाऊन निळा झाला की थांबा. ०.०१ मोलर ईडीटीए जितके मिली लागलं त्याला २० ने गुणलं की एकूण जडपणा मिळतो. मग तेच पाणी अर्धा तास उकळा, गार करून गाळा, पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे तात्पुरता जडपणा. मात्र उकळताना वाफ होऊन कमी झालेलं पाणी डिस्टिल्ड पाण्याने भरून मूळ आकारमान करायचं, नाहीतर फरक खोटा कमी दिसेल.

नमुना घेतानाही सांभाळा. पुण्यातल्या अनेक सोसायट्यांत महापालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत पडतं. धरणाचं पाणी तुलनेने मऊ, बोअरचं बहुतेकदा जड. त्यामुळे एकाच नळाचं सोमवारचं आणि गुरुवारचं पाणी वेगळं असू शकतं. तारीख, वेळ आणि त्या दिवशीचा स्रोत लिहिला नसेल तर नंतर आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

तुमच्या विषयातही असा एखादा सोपा मीटर असेलच. सिनॉप्सिस लिहिताना वहीत दोन ओळी लिहा: मला काय जाणून घ्यायचंय, आणि माझं उपकरण नेमकं काय मोजतं. दोन्ही ओळी जुळत नसतील तर मधला दुवा कोणता, तो कसा तपासणार, हे तिसऱ्या ओळीत लिहा. गाइडचा पहिला प्रश्न बहुधा त्यावरच असतो.