गुप्त पलटणींचे शिलेदार कसे निवडले जातात?

बेळगावच्या रस्त्यांवर सैनिकी गणवेश ही काही नवलाची गोष्ट नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र तेथे आहे आणि तरुण अधिकाऱ्यांना कमांडो पद्धतीचे शिक्षण देणारी पायदळाच्या शाळेची शाखाही तेथेच आहे. त्यामुळे ‘कमांडो’ हा शब्द त्या भागातील मुलाबाळांच्याही तोंडी असतो. परंतु असे शिक्षण घेतलेला प्रत्येक सैनिक विशेष दलाचा शिलेदार नव्हे. ज्यांच्या कामगिऱ्यांची वाच्यता होत नाही आणि ज्यांची नावे सहसा छापून येत नाहीत, अशा मोजक्या पलटणींत माणूस जातो तरी कसा?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना ब्रिटिश सैन्यातील ‘स्पेशल एअर सर्व्हिस’ या पलटणीकडे वळावे लागते. निवडीची जी रीत पुढे इतर देशांनीही उचलली, ती बऱ्याच अंशी तिच्या अनुभवातून आकाराला आली आहे.

जुलै १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या रणांगणावर डेव्हिड स्टर्लिंग या तरुण अधिकाऱ्याने ही तुकडी उभी केली. थोडीशी माणसे शत्रूच्या पिछाडीस पाठवून धावपट्ट्यांवर उभी असलेली विमाने नष्ट करावयाची, ही त्याची कल्पना. त्याच वर्षी नोव्हेंबरात पहिली मोहीम वादळात सापडली आणि पन्नासाहून अधिक जवानांपैकी निम्मेसुद्धा परतले नाहीत. पुढच्याच महिन्यात मात्र त्यांनी वाळवंटातून मोटारींनी मजल मारून शत्रूची अनेक विमाने उद्ध्वस्त केली. युद्ध संपताच १९४५ मध्ये ही पलटण मोडण्यात आली.

१९५० मध्ये मलायातील जंगलयुद्धासाठी अशा माणसांची पुन्हा गरज भासली. ब्रह्मदेशात चिंडिटांबरोबर लढलेले मायकेल कॅल्व्हर्ट यांनी घाईघाईने नवी तुकडी जमविली. घाईमुळे चाळणी नीट लागली नाही. चांगल्या सैनिकांबरोबर बेशिस्त माणसेही आत शिरली आणि तुकडीचे नाव खराब होऊ लागले. तेव्हा १९५२ मध्ये जॉन वुडहाउस हे अधिकारी मायदेशी परतले व त्यांनी निवडीचा रीतसर अभ्यासक्रम बसविला. कठीण कामासाठी नुसते धाडस पुरत नाही, माणूस पारखून घ्यावा लागतो, हा धडा मलायाने शिकविला होता.

ही पारख आजही मुख्यतः वेल्समधील ब्रेकन बीकन्सच्या डोंगरांत होते. नियमित पलटणीसाठी उमेदवार थेट नागरी जीवनातून घेतला जात नाही. तो सैन्यदलांत आधीपासून असावा लागतो आणि स्वेच्छेनेच यावा लागतो. वर्षातून दोनदा, एकदा हिवाळ्यात व एकदा उन्हाळ्यात, ही परीक्षा असते. पाठीवर ओझे, हातात बंदूक, नकाशा व होकायंत्र, आणि सोबतीला कोणी नाही. ८८६ मीटर उंचीचे पेन-य-फॅन शिखर ओलांडावयाचे, ओझे दिवसेंदिवस वाढत जायचे आणि शेवटी सुमारे ६४ किलोमीटरची मजल वीस तासांत गाठावयाची.

या सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की, निरीक्षक ओरडत नाहीत आणि शाबासकीही देत नाहीत. दमलेल्या माणसाला कोणी पुढे ढकलत नाही. मागे फिरण्याची मोकळीक सतत समोर असते. पुढे एकट्याने, कोणी पाहत नसताना, काम करावयाचे आहे. तेव्हा ज्याला चालण्यासाठी दुसऱ्याचा आवाज लागतो, तो येथे उपयोगाचा नाही. म्हणूनच पिळदार शरीराचे गडी अनेकदा आधी गळतात आणि कोणाच्या नजरेत न भरणारा एखादा शांत मुलगा टिकून राहतो.

डोंगर पार केला, तरी जंगलातील शिक्षण बाकी असते. त्यानंतर पाठलाग चुकविण्याची आणि उलटतपासणीला तोंड देण्याची कसोटी येते. नाव, हुद्दा, क्रमांक व जन्मतारीख यांपलीकडे उमेदवाराने काही सांगावयाचे नसते. शेवटपर्यंत फार थोडेच पोहोचतात. उरलेले आपापल्या पलटणीत परत जातात. त्यात कमीपणा मानला जात नाही. निवड झालेल्या शिपायालाही जुन्या पलटणीतील हुद्दा खाली ठेवून साध्या जवानापासून प्रारंभ करावा लागतो.

या कठोरपणाची किंमतही मोजावी लागली आहे. जुलै २०१३ मध्ये कडक उन्हात याच डोंगरांतील चाचणीत राखीव दलाचे तीन उमेदवार मृत्यू पावले. पुढे चौकशीत आयोजनातील गंभीर हलगर्जीपणावर बोट ठेवण्यात आले. माणूस पारखणे वेगळे आणि त्याचा जीव धोक्यात टाकणे वेगळे. ही सीमारेषा पाळण्याची जबाबदारी उमेदवाराची नव्हे, परीक्षकाची असते.

आपल्या देशातही या परंपरेचा उगम स्वेच्छेतच आहे. १९६५ च्या युद्धात मेजर मेघसिंग यांनी निवडक जवान घेऊन ‘मेघदूत’ दल उभारले. त्याच्या यशामुळे १ जुलै १९६६ रोजी ९ पॅरा कमांडो ही पलटण अस्तित्वात आली. आजही पॅरा विशेष दलांत जाऊ इच्छिणारा जवान आपणहून पुढे येतो, कठोर उमेदवारीतून जातो आणि उत्तीर्ण झाल्यावरच छातीवर ‘बलिदान’ हे चिन्ह लावतो. आपल्या लोकांना अधिक जवळची गोष्ट म्हणजे, २१ मराठा लाइट इन्फन्ट्री ही पलटणच १९९६ मध्ये २१ पॅरा विशेष दल झाली.

त्याच पलटणीत घडलेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना धारातीर्थी पडले. तेव्हा ते राष्ट्रीय रायफल्सच्या ४१ व्या पलटणीचे प्रमुख होते. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी पुढे सैनिकी शिक्षण पूर्ण केले व २०१७ मध्ये त्या स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या.

अशा दलांत मुलगा निवडला गेला की, निवड त्याच्या घराचीही होते. तो कोठे आहे, केव्हा येईल, हे आईला विचारता येत नाही आणि पत्नीला सांगता येत नाही. डोंगरावरच्या त्या उमेदवाराप्रमाणे तीही माणसे कोणाच्या शाबासकीवाचून आपले ओझे वाहत असतात. आपल्या शेजारी असे एखादे घर असेल, तर तेथे चौकशीचे प्रश्न न विचारता आपुलकीने जाऊन बसावे. आपल्या हाती असलेला सन्मान एवढाच आहे, आणि तो थोडा नाही.