दोरीवरचे पायजमे

संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं. वाण लुटून झालं, बायका एकेक करून उठल्या. आमच्या गल्लीतल्या एक काकू मात्र रेंगाळल्या. "तिळगुळाचे डबे आवरायला मदत करते गं," म्हणत आत आल्या आणि ओट्याशी उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "तू त्या दवाखान्याच्या शिबिरांना जातेस ना? एक विचारायचंय. पण कुणाला बोलू नकोस हं."

मला वाटलं, सुनेचं काही असेल. पण विषय निघाला काकांचा.

काका एसटीतून निवृत्त झालेले, वय चौसष्ट. आठ महिन्यांपूर्वी त्यांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. कॅन्सर निघाला, रिपोर्ट चांगले आले, सगळ्यांनी देवापुढे पेढे ठेवले. पण लघवीची नळी काढली त्या दिवसापासून काकांना लघवी धरवेना. खोकला आला की थेंब, उठताना थेंब, बादली उचलली की पायजमा ओला. दिवसातून चार-चार पायजमे! शेजारच्यांना दिसू नयेत म्हणून काकू ते मागच्या दारी, आंब्याआडच्या दोरीवर वाळत घालायच्या.

"गुरुवारच्या भजनाला जाणं सोडलं त्यांनी," काकू म्हणाल्या. "पंचवीस वर्षं पखवाज वाजवला. आता म्हणतात, मांडीत पखवाज घेऊन सतरंजीवर बसू आणि उठल्यावर डाग दिसला तर? भाचीच्या लग्नाला गेले नाहीत. माझ्याशीसुद्धा धड बोलत नाहीत गं. पलंग वेगळा केलाय. कॅन्सर गेला, पण माणूसही गेल्यासारखा झालाय."

मी गप्पच झाले. माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर मला नर्सबाईंनी 'खालचे स्नायू आवळायचा' व्यायाम शिकवला होता. पण पुरुषांनाही तसले स्नायू असतात, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं! बी.ए.पर्यंत शिकलेली बाई मी, पण शरीरशास्त्राचं आपलं ज्ञान हे असं.

झोळीसारखा पडदा

मग मी माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, आतड्याचं शेवटचं टोक आणि बायकांमध्ये गर्भाशय, हे सगळं त्या झोळीवर विसावलेलं असतं. लघवी आणि शौच धरून ठेवणं, वेळ आली की सोडणं हे तिचं काम. शरीरसंबंधातही तिचा वाटा असतो. इंग्रजीत हिला पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात, म्हणजे ओटीपोटाची जमीनच म्हणा. ती स्त्रीला असते तशीच पुरुषालाही असते.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी गाठ मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या मार्गाभोवती असते. लघवी अडवायला तिथे दोन कुलपं असतात. एक वर, मूत्राशयाच्या तोंडाशी, आणि दुसरं प्रोस्टेटच्या खाली. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये प्रोस्टेट पूर्ण काढतात, तेव्हा वरच्या कुलपाला धक्का बसतो. मग सगळा भार खालच्या कुलपावर आणि त्या झोळीवर येतो. आजवर जिला कधी एकटीनं काम करावं लागलं नाही, तिला एका दिवसात सगळं सांभाळायचं! गळती होणारच. म्हणजे काका 'म्हातारे झाले' म्हणून हे झालं नव्हतं, की त्यांचं काही चुकलंही नव्हतं.

हे व्यायाम जगापुढे आणले अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी, 1948 साली, आणि तेही बाळंतपणानंतर सैल पडलेल्या बायकांसाठी. आपल्याकडच्या योगातला मूलबंध ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही आवळण्याची क्रिया ओळखीची वाटेल. बायकांसाठी निघालेला हा व्यायाम पुढे पुरुषांच्याही कामी आला. एरवी नेहमी उलटं घडतं, नाही का?

काकांची परीक्षा

काकांना तयार करायला काकूंना तीन आठवडे लागले. "व्यायाम करून लघवी थांबते होय? आणि तिथे बाई असेल तर मी येणार नाही," हे पालुपद. शेवटी जिल्ह्याच्या गावी आम्ही तिघं गेलो. फिजिओथेरपिस्ट निघाली त्यांच्या नातीच्या वयाची मुलगी! काका दारातूनच वळले. पण ती हुशार. तिनं आधी प्लॅस्टिकचा सांगाडा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, आज फक्त बोलू. कपडे काढायचे नाहीत. पुढेही तपासायची गरज पडली तर तुम्हाला विचारूनच, आणि तुम्ही नाही म्हणालात तर नाही." काका खुर्चीत टेकले.

तिनं जे शिकवलं ते मी काकूंच्या परवानगीनं इथे सांगते.

आधी स्नायू ओळखायचे. चारचौघांत गॅस आला तर आपण जसा धरतो, तसं गुदद्वार आत ओढून घ्यायचं आणि लघवी अडवल्यासारखं पुढूनही आवळायचं. पुरुषांनी आरशासमोर उभं राहून पाहिलं, तर नीट जमल्यावर लिंगाचं मूळ आत ओढलं जातं आणि अंडकोष किंचित वर उचलले जातात. पोट, मांड्या, कुल्ले ताणायचे नाहीत. श्वास रोखायचा नाही. काका पहिल्या दिवशी गाल फुगवून, लालबुंद होऊन सगळं अंगच आवळत होते! ती म्हणाली, "आजोबा, तोंडावर कळायला नको. बसमध्ये बसून केलं तरी शेजारच्याला पत्ता लागू नये."

मग मोजणी. आवळून पाच अंक मोजायचे, सोडून पाच अंक विसावा घ्यायचा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसं पाचाचे दहा अंक करायचे. आधी गुडघे दुमडून उताणं झोपून, मग बसून, मग उभ्यानं. सोडणं हेसुद्धा आवळण्याइतकंच महत्त्वाचं. आणि खोकला, शिंक येण्याआधी किंवा ओझं उचलण्याआधी क्षणभर आवळून घ्यायचं, ही युक्ती. लघवी करताना मध्येच धार थांबवून रोज सराव मात्र करायचा नाही. त्यानं मूत्राशय नीट रिकामं न होण्याची सवय लागू शकते.

शिवाय चहा कमी. काकांचे दिवसाला सात कप होते! पाणी मात्र तोडायचं नाही. गळेल म्हणून पाणी न पिणारे लोक उलट लघवी जास्त दाट आणि जळजळीची करून घेतात. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कारण कुंथण्यानं झोळीवरच ताण येतो.

त्या मुलीचं एक मला फार आवडलं. तिनं हमी दिली नाही. म्हणाली, "बऱ्याच जणांची गळती पहिल्या वर्षात आपोआपही कमी होत जाते. व्यायामानं किती फरक पडतो, यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही." ब्रिटनमध्ये झालेली एक मोठी चाचणी 2011 मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात आली होती. त्यात ऑपरेशननंतर गळती असलेल्या पुरुषांपैकी काहींना एकेकाला बसवून व्यायाम शिकवला आणि बाकीच्यांना नेहमीचीच देखभाल दिली. वर्षानंतर दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. "तरी मी शिकवते," ती म्हणाली, "कारण चुकीचं करणारे खूप असतात, आणि हातात काहीतरी करण्यासारखं असलं की माणूस घराबाहेर पडतो. वर्षानंतरही गळती जास्तच राहिली तर त्यासाठी ऑपरेशनं आहेत. तेव्हा आशा सोडायची नाही."

आवळायचं नाही, सोडायचं!

तिच्याकडे बाहेर बाकावर एक तरुण जोडपं बसलं होतं. तो रिक्षा चालवायचा, वय चौतीस. ती आमच्याशी बोलायला लागली. दोन वर्षं त्याला खाली, अंडकोषाच्या मागे दुखायचं. बसलं की दुखायचं, लघवीला सारखं जावंसं वाटायचं, शरीरसंबंधानंतर तर ठणका. दोन-तीन डॉक्टरांनी अँटिबायोटिक्सचे कोर्स दिले, तपासणीत जंतू सापडले नाहीत. शेवटी एकानं सांगितलं, "मनाचे खेळ आहेत." घरात भांडणं सुरू झाली. ही म्हणायची, "मी नकोशी झालेय." तो काही सांगायचाच नाही.

त्याचं दुखणं काकांच्या अगदी उलट होतं. त्याचे तळाचे स्नायू सैल नव्हते, सतत आवळलेले होते. मान आखडते तसेच ते आखडले होते. अशा माणसानं कुठेतरी ऐकून आवळण्याचे व्यायाम केले तर दुखणं वाढू शकतं! त्याला शिकवत होते ते पोट फुगवून सावकाश घ्यायचा श्वास, मांड्या नि कुल्ले ताणून सैल सोडणं, स्नायूंच्या गाठी हातानं मोकळ्या करणं, आणि रिक्षातून दर तासानं उतरून चार पावलं चालणं. "दुखणं निम्मं झालंय," ती म्हणाली. "पण मुख्य म्हणजे मला कळलं, राग माझ्यावर नव्हता."

म्हणून मैत्रिणींनो, हे वाचून घरी लगेच कुणाला 'आवळा' म्हणून सांगू नका. आधी डॉक्टर. लघवीतून रक्त जात असेल, थंडी-ताप असेल, लघवी अडली असेल, वजन उतरत असेल, किंवा मांड्यांच्या मध्ये बधिरपणा येऊन पायातली ताकद गेली असेल, तर व्यायामाची वाट न बघता ताबडतोब दवाखाना गाठा. आणि फिजिओथेरपिस्टकडे जाताना आधी विचारून घ्या, "पेल्व्हिक फ्लोअरचं काम तुम्ही करता का? पुरुषांचंही?" गुडघे-कंबर पाहणाऱ्या सगळ्यांनाच ते येतं असं नाही.

आणि काकू?

खरी गोष्ट पुढेच आहे. तिसऱ्या भेटीत त्या मुलीनं सहज काकूंकडे वळून विचारलं, "आजी, तुम्हाला खोकताना-हसताना कधी होतं का असं?"

काकू हसल्या. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मला? धाकट्याच्या वेळेपासून होतंय की. पस्तीस वर्षं झाली."

खोलीत कुणी बोलेना. काका त्यांच्याकडे बघतच राहिले. पस्तीस वर्षं एका घरात राहून त्यांना हे ठाऊक नव्हतं. काकूंना वाटायचं, बाईच्या जातीला हे असायचंच. त्यांनी काकांचे पायजमे झाकले, आणि स्वतःचं लुगडं तर त्याही आधीपासून झाकत आल्या होत्या. व्यायाम निघाला बायकांसाठी, आणि काकूंच्या वाट्याला आला तो काकांच्या निमित्तानं!

आता दोघं सकाळी चहाआधी शेजारी शेजारी बसून अंक मोजतात. काकांचं अजून पूर्ण थांबलेलं नाही. दिवसाला एक पॅड लागतं, बाहेर जाताना गडद पँट घालतात. पण गेल्या गुरुवारी मी भजनाला गेले तर पखवाज ओळखीचा वाजत होता. काकू बायकांत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली.

येताना त्यांच्या घरावरून आले. पायजमे पुढच्या अंगणातल्या दोरीवर होते.