रॉक ऐकायचं, पण कोकणच्या हवेत

हेडफोन घ्यायचा ठरला की बहुतेक जण आधी किंमत बघतात, मग कंपनी, मग ‘बास किती आहे’. रत्नागिरीतल्या माणसानं या तिन्हींच्या आधी आपल्या घरातली हवा बघावी, असं माझं ठाम मत आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. त्या दिवसांत कपाटातल्या चामडी चपलांवर बुरशी धरते, पापड सादळतात, आणि मांडवी-मिऱ्याकडच्या घरांत खाऱ्या वाऱ्यानं बिजागऱ्या गंजतात. हेडफोनच्या कानावरच्या गाद्या, म्हणजे पॅड, बहुधा कृत्रिम चामड्याचे असतात. त्याचा वरचा थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतली वाफ त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत जाते. उष्मा आणि दमटपणा एकत्र आले की हे काम वेगानं होतं. मग काळे पापुद्रे सुटतात, कानाला आणि केसांना चिकटतात. नुकसान नुसतं दिसण्यापुरतं नसतं. बंद पाठीच्या, म्हणजे बाहेरची बाजू झाकलेल्या हेडफोनमध्ये खालचे स्वर कानाभोवती पॅड किती घट्ट बसतो यावर अवलंबून असतात. पॅड फाटला, चेपला की फट पडते आणि त्या फटीतून आधी जातो तो बास. ज्या बासवर भाळून हेडफोन घेतला, तोच असा निसटतो.

रॉकला मुळात काय लागतं, हे नीट पाहिलं तर बासचा हव्यासही थोडा कमी होईल. चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते, साध्या गिटारची ८२ हर्ट्झला. पण विद्युत गिटारचा आवाज मुद्दाम फाडला, म्हणजे डिस्टॉर्शन दिलं, की मूळ स्वरावर वरच्या स्वरांचा दाट थर चढतो. गिटारची धार, गायकाच्या आवाजातली खरखर, स्नेअर ड्रमचा फटका हे सारं मधल्या आणि त्याच्या वरच्या पट्ट्यात असतं, आणि साधारण २ ते ५ हजार हर्ट्झच्या दरम्यान आपला कान सर्वांत जास्त संवेदनशील असतो. ‘एक्स्ट्रा बास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक हेडफोनांत शंभर-दोनशे हर्ट्झच्या आसपास फुगवटा असतो. तो गिटारचं अंग झाकतो, इतकंच काय, बास गिटारच्या सुट्या सुट्या सुरांचाही एक गोळा करून टाकतो. जोर वाटतो खरा, पण कोण काय वाजवतंय ते कळत नाही. शिवाय रेकॉर्डिंगमध्येच जे नाही ते हेडफोन आणणार कुठून? मेटॅलिकाच्या १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, मिश्रण करतानाच ती दाबली गेली. त्यांच्याच २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये आवाज इतका चढवून ठेवला आहे की चांगल्या हेडफोनवर त्यातली फाट जास्तच स्पष्ट होते. हेडफोन पारखायला असे अल्बम घेऊ नयेत.

पारखायला मराठी कानाजवळ एक चांगलं साधन आधीपासूनच आहे. भजनात, नाट्यसंगीतात आपण डग्गा लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. त्याचा घुमारा, तळव्याच्या दाबानं वर सरकणारा स्वर आणि शेवटी उरणारा कातड्याचा कंप आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. ‘इंडियन ओशन’ या बँडचा २००० सालचा ‘कंदिसा’ हा अल्बम लावा. त्यात तबला आणि बास गिटार एकाच वेळी खालच्या पट्ट्यात वावरतात. दोन्ही वेगळे कळले, डग्गा ढोलासारखा फुगला नाही, तर हेडफोनचा खालचा भाग शिस्तीत आहे. मग लेड झेपेलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं गाणं ऐका. जॉन बोनमचे ड्रम एका जुन्या घराच्या जिन्याच्या पोकळीत ठेवून, वरून माइक टांगून ते ध्वनिमुद्रित झालं होतं. ती जिन्याची उंची कानाला जाणवली पाहिजे.

एवढं मिळवायला फार पैसे लागतात का? २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २८३ हेडफोनांची मोजमापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. स्वरांचा समतोल आणि किंमत यांत त्याला कसलाच संबंध सापडला नाही. मला हे निरीक्षण फार महत्त्वाचं वाटतं. याचा अर्थ सगळे हेडफोन सारखे असतात असा नाही. चांगला समतोल पाच हजारांतही सापडू शकतो आणि पन्नास हजारांतही हुकू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. मग पाच ते पंधरा हजारांच्या मधल्या गटात पैसे द्यायचे कशासाठी? कानाला सोसणाऱ्या वजनासाठी, मजबूत सांध्यांसाठी, आणि सर्वांत आधी बदलता येणाऱ्या भागांसाठी. झेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासून विकला जातो आणि त्याचे पॅड, वायर, डोक्यावरची गादी आजही सुटी मिळते. तो मधल्या गटाच्या वरचा आहे, पण कसोटी तीच लावावी. हेडफोन घेण्याआधी त्याचा सुटा पॅड भारतात मिळतो का, हे शोधावं. मिळत नसेल तर तो सोडून द्यावा, आवाज कितीही गोड असला तरी.

आता उघड्या पाठीचा की बंद पाठीचा? दमट उकाड्यात उघड्या पाठीचा हेडफोन कानाला सुसह्य होतो, कारण हवा खेळती राहते. त्याचे पॅड बहुधा मखमली कापडाचे असतात, त्यामुळे पापुद्र्यांचा प्रश्नच येत नाही. गिटार डोक्यात कोंबल्यासारखी न वाटता थोडी बाहेर, मोकळी वाटते. यावर रत्नागिरीकर लगेच म्हणेल, पत्र्यावर पाऊस सुरू झाला की या मोकळेपणाचं काय करायचं? हा आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. उघड्या पाठीतून बाहेरचं सगळं आत येतं आणि आपलं गाणंही खोलीत झिरपतं. पावसाला हरवायला आवाज चढवत नेणं ही त्यातली सर्वांत वाईट वाट. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८९ वर पाचच तास. तेव्हा जांभ्याच्या भिंतींचं, कौलांखाली माळा असलेलं, त्यातल्या त्यात शांत घर असेल तर उघडी पाठ घ्यावी. डोक्यावर थेट पत्रा असेल, किंवा त्याच खोलीत कुणी अभ्यासाला बसत असेल, तर बंद पाठ घ्यावी, पण मखमली पॅडची. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो तशा पॅडसह येतो. उघड्यांत झेनहायझरचा एचडी ५६०एस रॉकसाठी मला सर्वांत योग्य वाटतो. त्याचा समतोल सरळ आहे, पॅड मखमली आहेत आणि वायर सुटी होते. या दोघांच्या किमती वर्षभर वरखाली होत असतात, म्हणून सवलतीची वाट पाहावी.

वायरलेस का नको, असा प्रश्न तरुण वाचक हमखास विचारेल. आवाजासाठी नव्हे, हे आधी मान्य करतो. आजच्या ब्लूटूथवर चांगला हेडफोन उत्तम वाजतो, आणि बाहेरचा आवाज मारणारी सोय पंख्याची घरघर बऱ्यापैकी गिळते. पावसाच्या सरीत मात्र उंच पट्टीची सळसळही भरपूर असते आणि ती अडवण्याचं काम शेवटी पॅडलाच करावं लागतं. माझी हरकत आयुष्याबद्दल आहे. लिथियमची बॅटरी काही वर्षांत उतरते आणि ती घरी बदलता येईल अशी रचना फार थोड्या हेडफोनांत असते. दुरुस्तीसाठी तो कोल्हापूरला किंवा मुंबईला पाठवायचा म्हणजे खर्च आणि खोटी दोन्ही. घरात एका खुर्चीत बसून ऐकणाऱ्याला तारेची अडचण ती किती? फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा जोड पुरतो. १२० ओहमचा एचडी ५६०एस चांगल्या जोडावर घरगुती आवाजात नीट चालतो. डीटी ७७० घेताना ८० ओहमचा घ्यावा, कारण २५० ओहमच्या जातीला वेगळा अँप्लिफायर लागतो.

हे हेडफोन रत्नागिरीतल्या दुकानात कानाला लावून बघायला मिळणं कठीण, हीही खरी अडचण. म्हणून माल परत घेण्याची मुदत वाचूनच मागवावा आणि त्या मुदतीत तो रोज तासभर ऐकावा. चष्मा असेल तर चष्मा लावूनच ऐकावा, कारण त्याच्या काडीनंही पॅडखाली फट पडते. पहिल्या दिवशी झगमगीत वाटलेला वरचा स्वर चौथ्या दिवशी टोचू लागला, तर हेडफोन परत करावा. ठेवला, तर जूनपासून तो वापरून झाल्यावर कोरड्या कापडानं पुसून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा. पॅडची जादा जोडी मात्र आधी घेऊन ठेवू नये. त्यातला फोम आणि गोंद पडून राहूनही खराब होतात. लागेल तेव्हाच मागवावी.