अर्ज वाचला कुणी?

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "लेकीनं मोबाईलवरून नोकरीचा अर्ज भरला आणि पाच मिनिटांत नकार आला. इतक्या लवकर वाचला कुणी?" बहुधा कुणीच वाचला नसेल. पुष्कळ मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली चाळण आता कॉम्प्युटर लावतो.

त्याला हे येतं कसं? जुनी उदाहरणं पाहून. समजा, गावातले सगळे सातबारे त्याला दाखवले आणि विचारलं, शेतकरी कोण? तो म्हणेल, पुरुष. खुरपणी कोण करतं, लावणी कोण करतं, हे सातबाऱ्यावर कुठं लिहिलेलं असतं? कागदावर जे असतं तेच तो पुढे चालवतो. यालाच आपण एआय, कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो.

अमेरिकेतल्या ॲमेझॉन कंपनीत असंच झालं. २०१४ मध्ये तिथं अर्जांना एक ते पाच तारे देणारं यंत्र बनवायला घेतलं. शिकवायला दिले मागच्या १० वर्षांचे अर्ज, आणि ते बहुतेक पुरुषांचे. यंत्रानं ठरवून टाकलं, पुरुष बरे! अर्जात 'महिला बुद्धिबळ संघाची कप्तान' असं काही दिसलं, की गुण कमी. दोन महिला कॉलेजांतून शिकलेल्या मुलींचेही गुण कापले. ते शब्द दुर्लक्षित करायला यंत्राला शिकवलं, पण ते दुसऱ्या कुठल्या खुणेवरून भेद करणार नाही याची खात्री देता येईना. शेवटी काम बंद केलं. २०१८ मध्ये ही बातमी जगाला कळली. निवडीसाठी हे यंत्र कधी वापरलंच नाही, असं कंपनी म्हणाली.

मला खटकतं ते हे, की माणसानं डावललं तर निदान त्याच्याशी भांडता तरी येतं. यंत्राच्या नकारापुढे आपण गप्प बसतो, आपलंच काही चुकलं असं धरून.

न्यूयॉर्क शहरानं यासाठी कायदा केला. जुलै २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू आहे. अशा यंत्राची दरवर्षी बाहेरच्या तपासनिसाकडून तपासणी करायची, तिचा निकाल जाहीर करायचा आणि यंत्र वापरणार हे उमेदवाराला आधी सांगायचं. आपल्या मुलींनीही कंपनीला विचारायला हरकत नाही: माझा अर्ज माणसानं पाहिला का?

त्या ताईंच्या लेकीनं तीन वर्षं गटाचे हिशेब लिहिलेत. अर्जात मात्र त्याची एक ओळ नाही, "घरीच होते" एवढंच आहे. पुढच्या बैठकीत तो अर्ज आपण सगळ्याजणी मिळून पुन्हा लिहिणार आहोत.