‘सॉरी’ पाठ झालं, पुढं काय?

दहावीच्या इंग्रजीत तक्रार म्हणजे पत्र. नळाला पाणी येत नाही, कचरा उचलला जात नाही. वर पत्ता, खाली ‘युवर्स फेथफुली’, आणि मार्क पदरात. हाच विद्यार्थी पुढं कधी लंडनच्या हॉटेलात काउंटरपाशी जातो. खोलीतला हीटर बंद. तो म्हणतो, ‘हीटर इज नॉट वर्किंग. प्लीज सेंड समवन.’ व्याकरणात नाव ठेवण्यासारखं फारसं नाही, तरी काउंटरमागचा माणूस किंचित आखडतो. त्याला तो हुकूम वाटतो.

मराठीत आदर सर्वनामात आणि क्रियापदात बसलेला असतो. ‘बघता का जरा?’ एवढ्यात काम भागतं. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळं शब्द मऊ करायचा भार ‘कुड’, ‘वुड’, ‘सीम्स’ आणि भूतकाळी रूपांवर पडतो. ‘आय अ‍ॅम अफ्रेड देअर सीम्स टु बी अ प्रॉब्लेम विथ द हीटर. आय वॉज वंडरिंग इफ समवन कुड हॅव अ लुक.’ इथं कुणी घाबरलेलं नाही, भूतकाळात काही घडलेलंही नाही. आपल्याकडं ‘वॉज’ काळाच्या धड्यात येतो आणि तिथंच राहतो. तक्रार न जमण्याचं मूळ, माझ्या मते, तिथं आहे. आज्ञेला ‘प्लीज’ चिकटवलं तरी ती आज्ञाच राहते.

भाषाभ्यासक जेनी थॉमस यांनी १९८३ साली एक मार्मिक गोष्ट मांडली. परक्याचं व्याकरण चुकलं तर लोक समजून घेतात, भाषा कच्ची आहे म्हणतात. बोलण्याची रीत चुकली तर माणूसच उद्धट ठरतो. शिवाय बोलणारा जितका अस्खलित, तितका हा धोका जास्त, कारण त्याला सवलत मिळत नाही.

माफीचंही तेच. एलिट ओल्श्टाइन आणि अँड्र्यू कोहेन यांनी, तेही १९८३ मध्येच, माफीचे पाच घटक मांडले: माफीचे शब्द, चूक पत्करणं, कारण सांगणं, भरपाई देऊ करणं, पुन्हा होणार नाही अशी हमी. पाचही दरवेळी लागत नाहीत. बसमध्ये कुणाला धक्का लागला तर नुसतं ‘सॉरी’ पुरतं. तिथं हमी देत बसलं तर हसं होईल. मित्राचं पुस्तक हरवलं तर मात्र भरपाईचं बोलावंच लागतं. आपल्या वर्गात ‘सॉरी’नंतर थेट कारणावर उडी पडते, ‘सॉरी सर, ट्रेन वॉज लेट’, आणि चूक पत्करणारं वाक्य गळतं. मग कारण सबबीसारखं ऐकू येतं.

शोशाना ब्लुम-कुल्का आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात बऱ्याच भाषांमधल्या विनंत्या आणि माफ्या ताडून पाहिल्या. अर्धवट संवाद द्यायचा आणि मधलं वाक्य भरायला सांगायचं, ही त्यांची पद्धत. वेटरनं भलताच पदार्थ आणला, प्राध्यापकांना कबूल केल्याप्रमाणं पेपर परत देता आला नाही. आता काय म्हणाल? माफीचे शब्द आणि चूक पत्करणं हे दोन घटक जवळपास सगळीकडं सापडले, बाकीचे प्रसंगाप्रमाणं बदलत गेले. मूळ आठ भाषा-प्रकारांत भारतीय भाषा एकही नव्हती. मराठी शिक्षकानं हीच युक्ती आपल्या वर्गात वापरावी: आधी मराठीत उत्तर लिहून घ्यावं, मग इंग्रजीत. दोन्ही शेजारी ठेवली की चर्चेला विषय शोधावा लागत नाही.

सुरुवात मात्र कुरकुरीपासून करावी. पाऊस, उशिरा येणारी बस, लांबलेली रांग. डायना बॉक्सर या अभ्यासिकेनं १९९३ च्या पुस्तकात दाखवलं, की अशा आडून केलेल्या तक्रारीनं अनोळखी माणसं जवळ येतात. आपल्या लोकलच्या डब्यात हे रोज घडतं. अशा कुरकुरीला बहुतेक वेळा उपाय सुचवायचा नसतो, ‘आय नो, इट्स ऑफुल’ म्हणून सूर मिळवायचा असतो.

‘सॉरी’ म्हणजे गुन्हा कबूल, ही धास्ती इंग्रजी बोलणाऱ्यांनाही असते. कॅनडात ब्रिटिश कोलंबियानं २००६ मध्ये आणि ऑन्टारियोनं २००९ मध्ये कायदाच केला, की दिवाणी दाव्यात दिलगिरी ही कबुली धरू नये.

वर्गात एकच तक्रार तीन माणसांकडं न्यायला लावावी: दुकानदार, घरमालक, खोलीतला जोडीदार. आणि दुसऱ्या बाजूनंही बोलायला लावावं. माफी स्वीकारायची कशी, आणि ती पुरेशी वाटली नाही तर आवाज न चढवता तसं सांगायचं कसं, याचा सराव पाठ्यपुस्तकात क्वचितच असतो. ग्राहक सेवेच्या नोकरीत पहिल्या दिवसापासून लागतं ते हेच.